सर्व्हर डाऊन आहे, उद्या या

गेल्या नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचं सिद्ध करायला गेलो होतो.

विनोद करत नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नकोच. पूर्वी यादीत नाव शोधून सही ठोकली की काम व्हायचं. आता यंत्रावर बोट ठेवायचं, नाहीतर कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा, आणि कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरने "होय, हे गृहस्थ आहेत" असं म्हणायचं. चालतं तेव्हा फार सोयीचं असतं, तक्रार नाही. पण त्या दिवशी मी रांगेत सातवा होतो आणि साडेदहाच्या सुमारास खिडकीमागच्या मुलीने सांगितलं, "आजोबा, सर्व्हर डाऊन आहे. उद्या या."

माझं काय, मी गावातच राहतो. चालत गेलो, चालत परत आलो. पण माझ्यापुढे एक बाई होत्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, नवऱ्याच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनवर जगणाऱ्या. दोन एस.टी. बदलून आलेल्या. सोबत मुलगा, त्याचा दिवसाचा रोज बुडालेला. त्यांची ही तिसरी खेप होती. त्यांनी त्या मुलीला विचारलं, "डाऊन म्हंजी, उठंल कधी?"

मुलगी हसली नाही, हे तिचं कौतुक. म्हणाली, "आजी, ते मलासुद्धा कुणी सांगत नाही."

हे वाक्य काही दिवस डोक्यातून गेलं नाही. कोणाला विचारावं म्हणजे कळेल? मग आठवलं, आमचा एक जुना विद्यार्थी नवी मुंबईत डेटा सेंटरमध्ये काम करतो. मोठमोठी यंत्रं सांभाळायची, ती बंद पडू द्यायची नाहीत, हेच त्याचं काम. आठवीत माझ्या इतिहासाच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसणारा मुलगा. त्याला फोन लावला.

"अरे, हे सर्व्हर डाऊन होणं म्हणजे नक्की काय होतं? आणि एक पडला तर दुसरा का नसतो?"

तो म्हणाला, "सर, दुसरा बहुतेक ठिकाणी असतो. पण तो खरोखरच दुसरा आहे का, हा प्रश्न असतो."

त्या एका वाक्यावर आमचं दोन रविवार बोलणं झालं. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. त्यातलं जेवढं मला उमगलं, आणि त्यावरून जे माझं मत झालं, ते आज लिहितो आहे.

हॉल आणि पार्टिशनं

माझी समजूत अशी होती, की प्रत्येक कामाला एक वेगळा डबा असतो. पेन्शनचा एक, जमिनीच्या उताऱ्यांचा एक, परीक्षेच्या निकालाचा एक. तसं नसतं. मोठ्या संस्थांमध्ये कपाटाएवढं एकच दणकट यंत्र घेतात आणि त्याच्या आत भाग पाडतात. या भागांना म्हणतात लॉजिकल पार्टिशन. प्रत्येक भागाला आपापली स्मृती, आपापला प्रोसेसरचा वाटा, आपापली कार्यप्रणाली. आतल्या प्रणालीला वाटतं, सगळं यंत्र आपलंच आहे. शेजारी कोणी आहे याचा तिला पत्ताही नसतो. भिंत राखण्याचं काम हायपरवायझर नावाचा एक थर करतो.

कल्पना नवी नाही. आयबीएमने आपल्या मेनफ्रेम यंत्रांत ही सोय १९८८ साली आणली. २००१ मध्ये त्यांचं पी ६९० नावाचं ३२ प्रोसेसरांचं यंत्र आलं, त्याचे १६ भाग करता येत. तेव्हा एका भागाला निदान एक अख्खा प्रोसेसर द्यावा लागे. २००४ मध्ये पॉवर ५ आलं आणि प्रोसेसरचा दहावा हिस्साही एका भागाला देता येऊ लागला. म्हणजे खोलीचेच काय, बाकाचेही वाटे पडू लागले.

तो हे सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे आमच्या शाळेचा हॉल येत होता.

मंडळी, जुन्या शाळांमधून शिकलेल्यांना हा हॉल आठवत असेल. एक लांबलचक दालन आणि मध्ये घडीची लाकडी पार्टिशनं. आमच्याकडे पाचवी ते आठवी असे चार वर्ग त्यात बसायचे. सातवीचा पट वाढला की शिपाईमामा पार्टिशन दोन बाकं पलीकडे सरकवायचे. स्नेहसंमेलनाला सगळी पार्टिशनं दुमडून भिंतीला लावली की अख्खा हॉल मोकळा. चार वेगळ्या इमारती बांधायच्या तर गावाची ऐपत नव्हती. एका छपराखाली चार वर्ग झाले. यंत्राचे भाग पाडण्यामागचं अर्थशास्त्र हुबेहूब हेच आहे. एकच मोठं यंत्र पूर्ण वापरात आणायचं, आणि गरज बदलेल तशा भिंती सरकवायच्या. आमच्या हॉलमध्ये पलीकडचे पाढे अलीकडे ऐकू यायचे. यंत्रातली भिंत त्या बाबतीत आमच्यापेक्षा पुष्कळ बरी.

या भिंतीचा फायदाही खरा आहे. सहावीत दंगा झाला तर सातवीचा तास चालू राहतो. एका भागातला कार्यक्रम कोलमडला, त्याला बंद करून पुन्हा सुरू करावं लागलं, तरी बाकीच्यांना धक्का बसत नाही. इतकंच काय, या भागांची मांडणी करणारा जो कन्सोल असतो, तो बंद पडला तरी भाग चालूच राहतात. मुख्याध्यापकांच्या खोलीला कुलूप असलं तरी तास भरतात, तसं.

पण एका जुलैत काय झालं, ऐका. चार दिवस संततधार होती. पाचव्या दिवशी सकाळी हॉलची मुख्य तुळई कलल्याचं शिपाईमामांच्या लक्षात आलं. चारही वर्ग बाहेर! सहावीच्या बाजूची तुळई कलली म्हणून सहावीलाच सुट्टी, असं काही करता येत नाही. हजेऱ्या चार होत्या, छप्पर एक होतं.

माझ्या विद्यार्थ्याचं वाक्य मला तिथे कळलं. पार्टिशन कामं वेगळी करतं, त्यांचं नशीब वेगळं करत नाही. मुख्य प्रणाली एका भागात आणि तिची बदली प्रणाली त्याच यंत्राच्या दुसऱ्या भागात ठेवली, तर कागदावर दोन दिसतात. कार्यक्रम बिघडला तर त्या दोन आहेतही. पण यंत्राचा वीजपुरवठा गेला, की त्या एकच होत्या हे कळतं.

शंभरातला एक

आता थोडं गणित. घाबरू नका, सातवीचंच आहे.

या क्षेत्रातले लोक नऊच्या भाषेत बोलतात. ९९ टक्के उपलब्धता म्हटलं की आपल्याला फार वाटतं. आमच्याकडे ९९ टक्केवाल्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो! पण वर्षाच्या ३६५ दिवसांतला एक टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक बंद. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ९९.९९ म्हणजे साधारण साडेबावन्न मिनिटं. आणि ९९.९९९, ज्याला ते 'पाच नऊ' म्हणतात, ते म्हणजे सबंध वर्षात सव्वापाच मिनिटं. आमच्या मधल्या सुट्टीच्या घंटेला शिपाईमामा यापेक्षा जास्त उशीर करायचे.

हे पाच नऊ कोणी एकच फार चांगलं यंत्र घेऊन मिळवत नाही. दोन साधारण यंत्रं घेऊन मिळवतात. एक यंत्र शंभरात एकदा बंद सापडतं असं धरा. दुसरंही तसंच. मग दोन्ही एकाच वेळी बंद सापडण्याची शक्यता किती? शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजारात एक. दोन ९९ वाल्यांनी मिळून ९९.९९ गाठले. जादूच की!

पण या जादूला एक अट आहे आणि ती लहान अक्षरांत लिहिलेली असते. एकाच्या बंद पडण्याचा दुसऱ्याच्या बंद पडण्याशी काडीचाही संबंध असता कामा नये. दोघं एकाच छपराखाली बसले असतील तर गुणाकार होत नाही, शंभरात एक तो शंभरात एकच राहतो. आपण मात्र दोन यंत्रांचे पैसे मोजलेले असतात आणि मनात दहा हजारात एकाची स्वस्थता असते. माझ्या मते ही स्वस्थता एकुलत्या एका यंत्रापेक्षा घातक. एकच आहे हे माहीत असलेला माणूस निदान घाबरून असतो.

म्हणून नियोजन करणाऱ्याचं खरं काम विचारत जाणं हे आहे. दोन भाग दोन वेगळ्या यंत्रांत आहेत का? त्या यंत्रांना वीज दोन वेगळ्या वाटांनी येते का, की दोन्ही तारा शेवटी एकाच पेटीत जातात? हे भाग डिस्कपर्यंत आणि नेटवर्कपर्यंत पोचतात ते बहुतेक वेळा मधल्या एका खास भागामार्फत, पंक्तीत वाढप्यामार्फत जेवण पोचावं तसे. तो वाढपी एकच आहे की दोन? आणि दोन यंत्रं वेगळी ठेवून दोघांचा विदा एकाच स्टोरेजच्या कपाटात आहे का? कपाट, खोली, इमारत, शहर, अशा पायऱ्या चढत प्रत्येक पायरीला हाच प्रश्न. 'एक' सापडला की थांबायचं आणि ठरवायचं, की इथे दुसरा ठेवायचा, की हा धोका समजून उमजून पत्करायचा. पत्करायलाही हरकत नाही. पत्करला आहे हे कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच.

बदली तास

मी बारा वर्षं शाळेचं वेळापत्रक केलं. ज्याने केलं असेल त्यालाच त्यातलं दुखणं ठाऊक. प्रत्येक शिक्षकाला आठवड्यात काही तास मोकळे ठेवावे लागतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, मास्तर आरामात बसलेत. एका वर्षी वरून आग्रह झाला, की शिक्षकांचे तास पूर्ण भरा, सरकारचा पगार फुकट जातो. भरले. वेळापत्रक दिसायला इतकं सुंदर, एक चौकोन रिकामा नाही! आणि पहिल्याच आठवड्यात दोन शिक्षक तापाने पडले. बदली तासाला पाठवायला माणूसच नाही. दोन वर्ग मैदानावर सोडले, त्यांचा आरडाओरडा ऐकून बाकीच्या वर्गांचंही लक्ष उडालं.

यंत्रांचंही हेच. दोन यंत्रं प्रत्येकी सत्तर टक्के भरलेली असतील तर हिशेबनीसाला वाटतं, छान वापर चालला आहे. एक पडलं की दुसऱ्यावर एकशे चाळीस टक्क्यांचा भार येतो आणि थोड्याच वेळात तेही गुडघे टेकतं. दोघांनी एकमेकांची बदली करायची असेल तर प्रत्येकाने निम्म्याच्या आत राहायला हवं. नाहीतर आधीच ठरवायला हवं, की संकटात कोणते वर्ग भरवायचे आणि कोणते सोडायचे. पेन्शनचं काम चालू ठेवायचं, जुने अहवाल छापायचं काम बंद. हा निर्णय शांत डोक्याने, महिनोन् महिने आधी घ्यायचा असतो. रिकामा दिसणारा चौकोन हाच बदली तासाचा आधार असतो, हे आमच्या शाळेला त्या वर्षी कळलं. जिथे दर तिमाहीला वापराचे आकडे मागतात तिथे हे पटवून देणं अवघडच असणार.

एकच घंटा

आमच्या विद्यार्थ्याने सांगितलेला आणखी एक प्रकार मला फार आवडला. दोन यंत्रं एकमेकांना सतत "मी आहे, मी आहे" असा निरोप पाठवत असतात. निरोप थांबला, की बदलीचं यंत्र समजतं, मुख्य गेलं, आता कारभार आपला. पण समजा दोन्ही यंत्रं ठणठणीत आहेत आणि मधली तारच तुटली आहे. मग दोघांनाही वाटतं, दुसरा मेला. दोघंही कारभार हाती घेतात आणि एकाच वहीत दोघंही लिहू लागतात. वही पार बिघडते. एखादं यंत्र मरणं परवडलं, हे परवडत नाही.

हे ऐकून मी फोनवरच हसलो. कारण आमची शाळा ओढ्याच्या दोन्ही बाजूंना होती. एकदा ओढ्याला पाणी आलं, येणं-जाणं तुटलं. तेव्हा दोन्हीकडे फोन कुठले! अलीकडे मुख्याध्यापक होते, त्यांनी शाळा पूर्ण भरेल असं ठरवलं. पलीकडे उपमुख्याध्यापक होते. मुख्याध्यापक पोचू शकत नाहीत असं धरून त्यांनी सुट्टी जाहीर केली. पोरं काय, ऐकायची ती आज्ञा बरोबर ऐकली. त्यानंतर शाळेने नियम केला, की असं पुन्हा झालं तर घंटा ज्या बाजूला असेल त्या बाजूचा माणूस निर्णय घेईल. घंटा एकच होती.

"सर, हेच आम्ही करतो," तो म्हणाला. "दोघांच्या पलीकडे एक तिसरी खूण ठेवतो. ती ज्याच्या हाती लागेल तोच पुढे चालेल, दुसऱ्याने गप्प बसायचं." ओढ्याकाठच्या शाळेने गरजेपोटी जे शोधलं तेच या मोठ्या यंत्रांतही करावं लागतं, याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

कागदावरची दुसरी व्यवस्था

आता जरा गंभीर गोष्टी. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले. ते दुपारी पावणेचारला सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार पाचपर्यंत चालवावा लागला. बाजाराकडे एक सोडून दोन दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या होत्या. दोन्हींत अडथळा आला. पुढे दिलेल्या स्पष्टीकरणात मार्गावरच्या खोदकामाचा उल्लेख होता. म्हणजे पाहा, कंपन्या दोन, बिलं दोन, आणि दोघींना आडवं आलेलं संकट जमिनीखालचं एकच. शिवाय आणीबाणीसाठी उभारलेलं दुसरं केंद्र होतं, पण त्या दिवशी व्यवहार तिकडे नेले गेले नाहीत. मग दुसरं केंद्र कशासाठी, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला.

दुसरी गोष्ट दक्षिण कोरियाची. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. या बॅटऱ्या कशासाठी होत्या? वीज गेली तर यंत्रं चालू राहावीत म्हणून! सरकारच्या सहाशेहून जास्त प्रणाली बंद पडल्या. टपाल खात्यापासून ओळखपत्रापर्यंत लोकांची कामं अडली. आणि सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रं साठवणारी जी एक सामायिक जागा होती, तिच्यातला ८५८ टेराबाइट विदा गेला. त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. विदा फार मोठा आहे, म्हणून त्याची बाहेर प्रत काढली जात नव्हती. संगणकविद्येत जगाने ज्याचं नाव घ्यावं अशा देशात हे झालं, म्हणून मी इथे सांगतो आहे. हे अडाणीपणाचं उदाहरण नाही.

तिसरी गोष्ट गिटलॅब या कंपनीची. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका अभियंत्याने रात्री चुकून भलत्याच सर्व्हरवरचा विदा पुसला. त्यांच्याकडे प्रती ठेवण्याच्या पाच पद्धती होत्या. पाहायला गेले तर एकही धड कामाची निघाली नाही. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाताशी होती, म्हणून निभावलं. कंपनीने हे सगळं स्वतःहून जगापुढे मांडलं, हे मात्र मानलं पाहिजे.

या तिन्ही गोष्टींत यंत्रं बरी होती, माणसं हुशार होती. दुसरी वाहिनी, दुसरं केंद्र, जादा बॅटऱ्या, पाच प्रती, सगळं 'होतं'. ऐन गरजेच्या दिवशी मात्र ते कामाला आलं नाही.

मुद्दाम बंद करा

म्हणून माझं मत असं झालं आहे, की न चालवलेली बदली व्यवस्था ही व्यवस्था नव्हेच. आमच्या शाळेच्या भिंतीवर आग विझवायची लाल नळकांडी होती. तपासणीच्या वेळी साहेब ती मोजायचे. चालवून पाहा असं एकाही साहेबाने सांगितलं नाही.

चालवून बघायचं तर मुख्य यंत्र मुद्दाम बंद करावं लागतं, आणि तिथेच छाती लागते. नेटफ्लिक्सवाल्यांनी २०११ च्या सुमारास एक गमतीदार कार्यक्रम जगाला सांगितला. त्याचं नाव केऑस मंकी. हे माकड कामाच्या वेळात त्यांच्या चालू सर्व्हरांपैकी कुठलाही एक उचलून बंद करतं. अभियंते जागेवर असतानाच काय ते मोडू दे, रात्री तीनला नको, हा त्यामागचा विचार. ऐकून आधी मूर्खपणा वाटला. नंतर वाटलं, परीक्षेआधी आम्ही चाचणी घेतो ती आणखी कशाला?

आणि हे फक्त परदेशातच जमतं असं नाही. शेअर बाजारांची नियामक संस्था सेबी हिने मार्च २०२१ मध्ये नियम कडक केले. अडचण आल्यापासून अर्ध्या तासात आणीबाणी जाहीर करा आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पुन्हा उभं करा. पुढे २ मार्च २०२४ आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजार खास उघडले गेले. पहिलं सत्र नेहमीच्या केंद्रावरून, दुसरं सत्र आणीबाणीच्या केंद्रावरून, आणि दोन्हींत खरे सौदे. तारखा आधी जाहीर केल्या होत्या. मला ही बातमी तेव्हा कंटाळवाणी वाटली होती. आज वाटतं, गेल्या काही वर्षांतल्या चांगल्या सार्वजनिक कामांमध्ये ती मोजायला हवी.

आता यावर कोणी म्हणेल, मास्तर, शेअर बाजाराकडे पैसा आहे. पेन्शनच्या खिडकीला पाच नऊ कुठून आणायचे? बरोबर आहे. प्रत्येक नऊ आधीच्यापेक्षा महाग पडतो. हयातीच्या दाखल्याला पाच नऊ लागतही नाहीत. नोव्हेंबरात एखादा दिवस बंद राहिला तर आभाळ कोसळणार नाही. पण मग त्याबरोबर तीन गोष्टी करा, ज्यांना यंत्राचा खर्च नाही.

एक, बंद ठेवायचंच असेल तर आधी सांगून ठेवा. यंत्रांना दुरुस्ती लागते, आतल्या प्रणालीला नवी आवृत्ती चढवावी लागते. २००७ पासून चालू भाग न थांबवता एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याची सोयसुद्धा पॉवर यंत्रांत आहे. ती नसेल तर "गुरुवारी दुपारी २ ते ५ बंद" असा फलक लावा. त्या बाई गुरुवारी येणार नाहीत. ठरवून घेतलेली सुट्टी आणि तुळई कलल्यामुळे मिळालेली सुट्टी यांत फार फरक आहे.

दोन, बंद पडलं तर त्या दिवसांची मुदत आपोआप वाढू द्या, मागायला लावू नका. आणि जुना सहीचा कागद, तो रद्दीत घालू नका. कपाट, खोली, शहर यांच्याही पलीकडचं, विजेवर न चालणारं ते शेवटचं दुसरं केंद्र आहे.

तीन, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, बदली व्यवस्था शेवटची कधी चालवून पाहिली ती तारीख लोकांना सांगा. लिफ्टमध्ये तपासणीची तारीख लावलेली असते ना, तशी. 'आमच्याकडे सर्व व्यवस्था आहे' हे वाक्य मी शाळेच्या तपासणीत इतक्यांदा ऐकलं आणि स्वतः म्हटलंही आहे, की त्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. तारखेवर राहील. ती लिहायची म्हटलं, की निदान एकदा तरी चालवून बघावी लागेल.

माझा दाखला दुसऱ्या दिवशी झाला. मी जिवंत आहे असं सर्व्हरने मान्य केलं. त्या बाई मला पुन्हा दिसल्या नाहीत. त्यांचं काम माझ्याआधी झालं असेल, की चौथ्या खेपेचं भाडं जमायला वेळ लागला असेल, मला माहीत नाही. खिडकीवर तीच मुलगी होती. मी तिला विचारलं, काल काय झालं होतं? म्हणाली, "आजोबा, आपोआप सुरू झालं."

आपोआप पडलं, आपोआप उठलं. कुठेतरी कोणीतरी रात्रभर जागून ते उठवलं असणार, हे मला आता माहीत आहे. माझ्या विद्यार्थ्यासारखाच कोणीतरी. त्याला कधी तरी दिवसाढवळ्या, आधी सांगून, मुद्दाम ते बंद करून बघायची परवानगी मिळो.

असो.